खड्डा बुजला, हे कोणी ठरवायचे?

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे, आमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून प्राणहानी टळली. त्या वस्तीच्या पोटात एका जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या होत्या. खाण केव्हाच बंद झाली होती. कागदोपत्री तिचा हिशेब मिटला होता. जमिनीच्या पोटात मात्र तो मिटलेला नव्हता. खाण कागदावर बंद होणे आणि जमिनीवर बंद होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या भीषण रीतीने क्वचितच कोणी दाखवून दिले असेल.

ती खाण जुन्या काळातली होती आणि त्या काळी खाण बंद करण्याचे नियमच नव्हते, असे उत्तर यावर दिले जाते. ते खरेही आहे. परंतु आज नियम आहेत, योजना आहेत, बँकेत ठेवलेली रक्कम आहे आणि ती परत मिळवण्याची रीतही ठरलेली आहे. म्हणूनच प्रश्न अधिक गंभीर होतो. खाणमालकाची अनामत केव्हा परत करावयाची, कोणत्या पुराव्यावर करावयाची आणि ती परत करताना ज्यांच्या गावाशेजारी हे खड्डे राहणार आहेत त्यांना विचारावयाचे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे आजच्या व्यवस्थेत कितपत समाधानकारक आहेत, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या विषयाचा विचार नागपुरात होणे विशेष उचित ठरते. सदर भागातून निघून छिंदवाडा मार्गाने कोराडी मागे टाकली की पाटणसावंगी आणि सावनेरचा कोळसा पट्टा लागतो. दुसऱ्या दिशेने कामठी ओलांडली की गोंडेगाव, इंदर यांसारख्या उघड्या खाणी. तर दक्षिणेस उमरेड. खाणीही जवळ आणि त्यांचे कागदही जवळ. सदरला लागून असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचेही. काटोल मार्गावर मँगनीज काढणाऱ्या मॉइलचे मुख्य कार्यालय आहे. देशातील खाणींचे भवितव्य ठरवणारे इतके दप्तर इतक्या थोड्या परिसरात अन्यत्र क्वचितच सापडेल. असे असूनही सदरच्या बाजारात वर्तमानपत्र विकत घेणाऱ्या नागरिकाला आपल्या जिल्ह्यातील कोणत्या खाणीची किती रक्कम कोणत्या बँकेत आहे आणि तिच्यातील किती परत गेली, याचा पत्ता नसतो.

अनामतीची रीत

खाणीची अनामत ही कल्पना साधी आहे. भाडेकरूकडून घरमालक जशी ठेव घेतो, तशीच. जमीन उकरून खनिज नेणाऱ्याने जाताना ती नीट करून द्यावी; न दिल्यास त्याच्याच पैशातून शासनाने ती नीट करून घ्यावी. भारतात कोळशेतर प्रमुख खनिजांसाठी हे तत्त्व २००३ मध्ये, खनिज संवर्धन व विकास नियमांत दुरुस्ती होऊन, आले. त्या वेळी मोठ्या म्हणजे 'अ' वर्गातील खाणींसाठी हेक्टरी २५,००० रुपये व 'ब' वर्गासाठी १५,००० रुपये अशी आर्थिक हमी ठरली. २०१७ च्या नव्या नियमांनी ती अनुक्रमे ३ लाख व २ लाख केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५ लाख व ३ लाख. चौदा वर्षांत एकदम बारा पट वाढ करावी लागली, यावरून पहिला आकडा किती अपुरा होता हे आपोआपच सिद्ध होते. त्या चौदा वर्षांत ज्यांनी खाणी चालविल्या, त्यांची हमी त्या जुन्या आकड्यानेच मोजली गेली.

कोळशाचा संसार वेगळा. त्यावर खाण ब्यूरोचा नव्हे, तर कोळसा मंत्रालयाचा व कोळसा नियंत्रकाचा अधिकार. मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या योजनेसंबंधी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाणमालकाने बँकेत एस्क्रो खाते उघडावे आणि त्यावर कोळसा नियंत्रकाचा हक्क असावा, असे ठरले. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये हा त्या वेळचा दर. २०२० मध्ये तो ९ लाख व दीड लाख करण्यात आला. एकूण रकमेला खाणीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागून, दरवर्षी पाच टक्क्यांची भर घालीत, हप्ते भरावयाचे. उदाहरणार्थ, ५०० हेक्टरांची आणि वीस वर्षे आयुष्याची उघडी खाण घेतली, तर मूळ रक्कम ४५ कोटी, पहिला हप्ता सव्वादोन कोटी आणि विसावा हप्ता सुमारे ५ कोटी ६९ लाख होतो.

येथपर्यंत सर्व ठीक. खरी मेख परताव्यात आहे. २०१३ च्या सुधारित तत्त्वांनुसार दर पाच वर्षांनी, योजनेची तपासणी करून, खात्यातील रकमेपैकी व्याजासह ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मालकाला परत देता येऊ लागली. मात्र त्या पाच वर्षांत त्याने प्रत्यक्ष केलेल्या खर्चाहून ती अधिक असू नये. उरलेली रक्कम खाण पूर्णपणे बंद झाल्यावर. पुढील काळात तपशील बदलत गेला, तरी टप्प्याटप्प्याने परताव्याचे मूळ तत्त्व राहिले.

खर्च की परिणाम?

या परताव्याचा मापदंड नीट पाहिला पाहिजे. तो मुख्यत्वे खर्चाचा आहे. किती माती भरली, किती रोपे लावली, कुंपणावर आणि गटारांवर किती पैसे गेले, याचा हिशेब सादर करावयाचा. परंतु रोपे लावण्याचा खर्च आणि झाडे जगणे या एकच गोष्टी नव्हेत. शिवाय उघड्या खाणीत पुढचा कोळसा काढताना निघालेली माती मागच्या खड्ड्यात टाकणे, हा बऱ्याच अंशी उत्पादनाचाच भाग असतो. दूर नेऊन ढीग घालण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्तही पडते. जे काम मालक स्वतःच्या सोयीसाठी केले असते, त्याच कामाच्या खर्चावर अनामतीचा मोठा भाग परत गेला, तर जे काम तो स्वतःहून कधीच करणार नाही, त्यासाठी खात्यात काय उरते?

ते न होणारे काम म्हणजे शेवटचा खड्डा. उघडी खाण संपते तेव्हा शेवटच्या टप्प्यातील पोकळी भरायला समोर माती उरलेली नसते. ती सुरुवातीच्या वर्षांत रचलेल्या बाहेरच्या ढिगाऱ्यात असते. तो ढिगारा उचलून परत आणणे महाग. एक साधा हिशेब पुरे आहे. १०० हेक्टर रुंदीचा आणि सरासरी ५० मीटर खोलीचा खड्डा धरला, तर त्याचे आकारमान ५ कोटी घनमीटर होते. माती उचलून परत टाकण्याचा खर्च घनमीटरला अवघे ५० रुपये जरी गृहीत धरला, तरी रक्कम अडीचशे कोटींवर जाते. वरच्या उदाहरणातील सगळ्या खाणीची मूळ अनामत मात्र ४५ कोटी. म्हणूनच खाण बंद करण्याच्या योजनांत शेवटच्या खड्ड्याला 'जलाशय' असे गोंडस नाव मिळते. जलाशय करणे नेहमीच वाईट असते असे नाही. कडा उतरत्या केल्या, पाणी तपासले, गावाची सोय पाहिली, तर उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरींच्या या प्रदेशात ते पाणी वरदान ठरू शकेल. परंतु उभ्या कड्यांचा, गुरेढोरे आणि मुले घसरून पडतील असा डोह हा जलाशय नव्हे. खर्च टाळला जावा म्हणून खड्ड्याचे नाव बदलणे, आणि विचारपूर्वक तळे बांधणे, यांतील भेद तपासणाऱ्याने ओळखला पाहिजे.

तपासणारा कोण, हा पुढचा मुद्दा. मालकाचा अहवाल तिसऱ्या पक्षाकडून पडताळून घ्यावा, अशी तरतूद आहे. आणि त्यासाठी नागपूरची नीरी, धनबादचे खनिविद्यालय यांच्याबरोबर सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट या संस्थेचेही नाव घेतले जाते. ही शेवटची संस्था कोल इंडियाची उपकंपनी आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सही त्याच कोल इंडियाची. एका आईच्या दोन लेकींपैकी एकीने योजना आखण्यास साहाय्य करावे, दुसरीने ती राबवावी आणि पुन्हा पहिलीनेच ती नीट राबवल्याचा दाखला द्यावा, या व्यवस्थेत कोणाच्याही प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या संस्थेतील तज्ज्ञांची योग्यता वादातीत आहे. प्रश्न व्यक्तींचा नसून रचनेचा आहे. शाळेतील शिक्षकालाही आपल्या मुलाची उत्तरपत्रिका तपासू दिली जात नाही. ती त्याच्यावरील अविश्वासामुळे नव्हे, तर निकालावर सर्वांचा विश्वास बसावा म्हणून.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोठ्या उघड्या खाणींच्या पुनर्भरणाची व वृक्षारोपणाची पाहणी गेली कित्येक वर्षे होत आहे, आणि ती स्तुत्य आहे. पण आकाशातून हिरवेपणा दिसतो, त्याखालची माती दिसत नाही. ढिगाऱ्यावर झपाट्याने वाढणारी झाडे लावली की दोनतीन वर्षांत चित्र हिरवे होते. त्या ढिगाऱ्यावर सुपीक मातीचा थर पसरला गेला होता काय, पावसाळ्यात त्यावरून वाहणारे पाणी नाल्यात किती गाळ नेते, शेजारच्या विहिरीचे पाणी उतरले की वर आले, याची उत्तरे छायाचित्र देत नाही. इरई आणि वर्धा या नद्यांच्या काठी उभ्या राहिलेल्या ढिगाऱ्यांबद्दल चंद्रपूर जिल्ह्यात वर्षानुवर्षे तक्रारी होत आल्या आहेत, त्या काही वरून हिरवळ दिसत नाही म्हणून नव्हेत.

अमेरिकेचा धडा, दोन्ही बाजूंनी

याच प्रश्नाला अमेरिकेने ३ ऑगस्ट १९७७ रोजी कायद्याने उत्तर दिले. अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या या कायद्याने कोळशाच्या उघड्या खाणींवर पुनर्भरणाची हमी सक्तीची केली आणि ती परत करण्याचे टप्पे ठरवले. खड्डा भरून, जमीन सारखी करून, पाण्याचा निचरा बांधून झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत. वनस्पती नीट रुजल्यावर आणखी काही भाग. आणि उरलेली रक्कम त्यानंतरचा जबाबदारीचा काळ संपल्यावर. हा काळ पाच वर्षांचा, आणि जेथे पाऊस वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी तेथे दहा वर्षांचा. उत्तम शेतजमिनीबाबत तर अट आणखी कडक आहे: त्याच जातीच्या न उकरलेल्या शेजारच्या जमिनीइतके पीक येऊ लागल्याखेरीज त्या टप्प्याची रक्कम सुटत नाही. खर्चाच्या पावत्यांऐवजी कणसे मोजण्याचा हा मापदंड आहे. काळ्या कापसाच्या जमिनीचा अभिमान बाळगणाऱ्या विदर्भाने त्याची दखल घ्यावी, असा तो आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती लोकांना विचारण्याची रीत. हमी परत मागणाऱ्याने स्थानिक वृत्तपत्रात सलग चार आठवडे जाहिरात द्यावी. त्यात खाणीचे ठिकाण, हमीची रक्कम आणि केलेले काम लिहावे. शेजारच्या जमीनमालकांना आणि स्थानिक संस्थांना पत्रे धाडावीत. लोकांना हरकत घेता येते, सुनावणी मागता येते, आणि नियामकाला ठरावीक मुदतीत जागेवर जाऊन पाहणी करावी लागते.

अर्थात अमेरिकेचे सर्वच काही अनुकरणीय आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेथे काही राज्यांनी बड्या कंपन्यांना रोख वा बँकेच्या हमीऐवजी केवळ स्वतःच्या पतीवर हमी देऊ दिली. २०१५ आणि २०१६ मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या मोठ्या कोळसा कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा त्या हमीचा अर्थ केवळ कागदाचा तुकडा असा होण्याची वेळ आली. म्हणजे उत्तम नियमही, हमीच्या रूपात ढिलाई झाली की, पोकळ होतो. भारताची रोख एस्क्रोची पद्धत या एका बाबतीत अमेरिकेतील त्या सवलतीहून निश्चितच सरस आहे. उणीव आहे ती पैसा ठेवण्यात नव्हे, तर पैसा सोडण्यात.

'सरकारी कंपनी कोठे पळून जाणार?'

याला एक उत्तर नेहमी दिले जाते. कोल इंडिया ही सरकारी कंपनी आहे. ती पळून जाणार नाही. तिचे कोट्यवधी रुपये बँकेत अडकवून ठेवणे म्हणजे देशाचे भांडवल निजवून ठेवणे होय. या युक्तिवादात तथ्य आहे. दर पाच वर्षांच्या परताव्यामुळे मालकाला काम वेळेवर करण्याचे आमिष राहते, हेही मान्य करावे लागेल. वेस्टर्न कोलफिल्ड्सने ढिगाऱ्यांतून रेती काढण्याचा उपक्रम केला, सावनेरला इको-पार्क उभारला. मॉइलच्या गुमगाव खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरीच्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजीव आणि सेंद्रिय पदार्थांच्या साह्याने हिरवळ उभी केली. मनात आणले तर पडीक ढिगारा जिवंत करता येतो, याचे हे पुरावे घराजवळच आहेत.

परंतु खाणी आता केवळ सरकारच्या राहिलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले आणि त्यानंतर लिलावाचे युग आले; २०२० पासून तर व्यापारी विक्रीसाठी खाणी खुल्या झाल्या. भद्रावती तालुक्यातील बरांजची खाण या निर्णयाने २०१५ मध्ये थांबली आणि पुढे पुन्हा वाटप होऊनही ती काही वर्षे बंदच राहिली. मधल्या काळात उघडा पडलेला खड्डा, थांबलेले पुनर्वसन आणि बेकार झालेले कामगार यांचा वाली कोण, हे गावकऱ्यांना कळेनासे झाले. गोव्यातही तसेच घडले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच आहे. योजनेत लिहिल्याप्रमाणे वीस वर्षांनी, सर्व तयारीनिशी खाण बंद होईल, हे गृहीतच चुकीचे आहे. खाण न्यायालयाच्या एका आदेशाने, बाजारभावाच्या एका घसरणीने, मालकाच्या एका दिवाळखोरीने मध्येच थांबते. अनामत ही त्या अवेळी येणाऱ्या दिवसासाठी असते. त्या दिवशी खात्यात पुरेसे नसेल, तर ती अनामत नव्हे. केवळ हिशेबाची नोंद होय.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. अमेरिकेत खाणीखालच्या जमिनीचा मालक पुष्कळदा शेतकरीच राहतो, म्हणून हमी सुटताना तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. येथे कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा, १९५७ खाली जमीन शासनाकडे व तेथून कंपनीकडे जाते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने, कोळसा संपलेली अशी जमीन ऊर्जा व पायाभूत प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण मंजूर केले. मूळ शेतकऱ्याकडे ती परत जाण्याची वाट त्यात नाही. ज्याची जमीन गेली, त्याचा कायदेशीर संबंध मोबदल्याबरोबर संपतो. उरतात ते शेजारचे, ज्यांची विहीर, नाला आणि गायरान त्याच शिवारात आहे. आणि त्यांना विचारण्याची सक्ती कोणावर नाही. हरकत घेणारा मालकच नसलेली जमीन नीट झाली की नाही, हे मग ज्याला पैसे परत हवे आहेत तो आणि ज्याच्या टेबलावर कागद आहे तो, असे दोघेच ठरवतात.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, चारा आणि जीवसृष्टी टिकेल अशी ती करून देण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असा आदेश दिला. हा मापदंड खर्चाचा नसून परिणामाचा आहे. अनामत सोडण्याच्या रीतीत तोच उतरणे आवश्यक आहे.

त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. परतावा मागणारा अर्ज आल्यावर तो मराठी वृत्तपत्रांत आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, नकाशासह, जाहीर व्हावा. पाहणी पावसाळा संपताच व्हावी, कारण ढिगाऱ्याचा खरा परीक्षक पहिला मुसळधार पाऊस असतो. आणि तीत ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी असावेत. मातीची परीक्षा नागपुरातीलच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोसारख्या संस्थेने करावी, पाण्याची नीरीने. आणि कोल इंडियाच्या खाणींचा दाखला कोल इंडियाच्याच उपकंपनीने देऊ नये. शेवटच्या खड्ड्याचा खर्च वेगळा काढून ती रक्कम दर पाच वर्षांच्या परताव्यातून वगळावी. एकूण ठेवीचा ठळक हिस्सा झाडे जगली की नाही हे कळेपर्यंत अडकवून ठेवावा. आणि प्रत्येक खाणीच्या खात्यात किती जमा, किती परत, हे वर्षातून एकदा प्रसिद्ध करावे.

यांतील एकही गोष्ट खाणकाम थांबवणारी नाही. कोराडीच्या आणि खापरखेड्याच्या विजेवर ज्या शहराचे दिवे लागतात, त्याने कोळशाला नावे ठेवणे शोभणारही नाही. परंतु त्या दिव्याखाली बसून जे कागद मंजूर होतात, त्यांचा अंधार ज्या गावांच्या वाट्याला येतो, त्यांना निदान विचारले तरी जावे. कारण अनामत परत गेली की बँकेतील खाते बंद होते. गावाशेजारचा खड्डा मात्र बंद होत नाही. आमराई वॉर्डातील ते घर कोणाच्याही वहीत बाकी म्हणून लिहिलेले नव्हते.